श्री नावाचा सर्व्हर

आमच्या ऑफिसात रजा मागायला कोणाला भीती वाटत नसे, एका अण्णांना सोडून. बाकीचे आम्ही चुलत नणंदेचं लग्न, दाढदुखी, घरमालकाची कटकट, काहीही सांगून मोकळे व्हायचो. अण्णा मात्र मी पाहत होते तेव्हापासून सलग दोन दिवसांच्या वर कुठे गेले नव्हते, आणि गेले तरी लॅपटॉप पिशवीत असायचाच. कारण साधं होतं. कंपनीचे सगळे सर्व्हर अण्णांनी उभे केले होते, आणि ते कसे उभे केले हे अण्णांच्या डोक्याखेरीज कुठेही लिहिलेलं नव्हतं.

त्या वर्षी त्यांना तीन महिन्यांची सलग रजा हवी होती. एकुलत्या एका लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. लेक हुबळीला दिलेली, माहेर इथे बेंगळुरात, जयनगरला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्यांच्याकडेही होती आणि आमच्याकडेही आहे. पण अण्णांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती. लेकीच्या सासूबाईंनी चांगल्या मनाने फोन केला, की तुमच्या घरात बाईमाणूस नाही, तुम्ही कसं निभावणार, इथेच होऊ दे. अण्णा फोनवर नुसतं "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "माहेर काय आईचंच असतं? बापाचं नसतं?"

मग तेच पुढे म्हणाले, "बायको आजारी होती तेव्हा मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर लॅपटॉप उघडून बसलो होतो अक्का. आता लेकीच्या वेळी तसं बसणार नाही."

मी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, तरी ते मला अक्का म्हणायचे. बेंगळुरात भाजीवालीपासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळ्या अक्काच असतात. अण्णांचं घराणं कित्येक पिढ्या इथलं. शिवाजीनगरात त्यांच्या काकांचं ट्रंका आणि पेट्यांचं दुकान होतं, त्या दुकानाच्या माळ्यावर अण्णा वाढले. त्यांच्या मराठीत कन्नड मीठ घातल्यासारखी सगळीकडे असायची. मी चिकोडीकडची. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि स्वभाव तापट. आमच्याकडे "चहा घे" म्हटलं तरी परक्याला भांडण चाललंय असं वाटतं. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे अण्णांचं मन कळायला मला वेळ लागत नसे, आणि माझा राग कळायला त्यांना.

ऑफिस पीण्या या कारखान्यांच्या भागात, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. खाली लेथ चालायचे, त्यांची घरघर फरशीतून आमच्या खुर्च्यांत यायची. एक वाजता घरघर थांबली, की जेवणाची वेळ झाली हे घड्याळ न बघता कळायचं. आमचं काम त्या भागातल्या छोट्या वर्कशॉपांसाठीच होतं. आज कोणत्या मशीनवर कोणता जॉब लावायचा याची यादी आमच्या सॉफ्टवेअरमधून रोज सकाळी त्यांच्याकडे जायची, आणि संध्याकाळी किती काम झालं ते आमच्याकडे यायचं. हे सगळं क्लाउडवर चालायचं, म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या कोठारात भाड्याने घेतलेल्या सर्व्हरांवर. ते सर्व्हर अण्णांनी एकेक करून, स्क्रीनवरची बटणं दाबून, खिडक्यांमधले चौकोन भरून उभे केले होते.

कंपनीची मालकीण, आम्ही तिला मॅडम म्हणायचो, वाईट नव्हती. ती अण्णांना कन्नडमध्ये म्हणाली, "रजेला माझी ना नाही. पण तुमच्या मागे बघणार कोण? तुम्ही गेलात आणि काही बंद पडलं, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" मग तिनेच एक तोड काढली. कुठल्याशा सभेत तिने ऐकलं होतं, की हल्ली सर्व्हर हाताने उभे करत नाहीत, कोडमध्ये लिहून ठेवतात. ते काम तिने माझ्याकडे दिलं. लेकीला आठवा लागायच्या आत सगळं लिहून झालं, आणि अण्णांशिवाय चालतं हे दिसलं, तर रजा. नाही तर बाळंतपण हुबळीला.

मला सर्व्हरमधलं काही येत नव्हतं. मी स्क्रीनवर दिसणारी पानं लिहायची, मागे काय चालतं ते अण्णा बघायचे. पण तोंड माझं मोठं. "होईल की, त्यात काय," असं मी म्हणून बसले.

पहिला आठवडा मी एकटीने धडे गिरवण्यात घालवला. कल्पना सोपी आहे. तुम्हाला कसा सर्व्हर हवा ते एका फाइलमध्ये लिहायचं. केवढा, कुठे, कोणाला आत सोडायचं, नाव काय. मग एक टूल ती फाइल वाचतं, प्रत्यक्षात काय आहे ते बघून येतं, आणि दोन्ही ताडून आधी तुम्हाला सांगतं, की मी हे-हे करणार आहे. नवीन करणार असेल त्यापुढे अधिकचं चिन्ह, पाडणार असेल त्यापुढे वजाचं. याला प्लॅन म्हणतात. तुम्ही हो म्हटलंत की ते कामाला लागतं. पुढे काही बदलायचं झालं तरी सर्व्हरला हात लावायचा नाही, फाइलमध्ये बदलायचं.

नऊ ओळी लिहून मी माझा पहिला सर्व्हर उभा केला. मग पाडला. मग पुन्हा त्याच नऊ ओळींतून उभा केला. खरं सांगते, मला लहान मुलीसारखा आनंद झाला. मी अण्णांना हाताला धरून आणलं आणि सगळं पुन्हा करून दाखवलं.

अण्णा चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. "पुसलंस?"

"पुसलं."

"आणि परत आलं? तेच?"

"तेच नाही अण्णा. तसंच."

"असं," एवढंच म्हणाले आणि जाग्यावर जाऊन बसले. त्यांना ते फारसं आवडलं नव्हतं. त्यांचा प्रत्येक सर्व्हर त्यांनी वाढवलेला होता. कुठल्या सर्व्हरला केव्हा जास्त मेमरी दिली, कोणता उन्हाळ्यात कुरकुरतो, त्यांना सगळं ठाऊक. आणि इथे ही कालची पोरगी टाळी वाजवून पाडते आणि उभं करते.

खरं काम पुढे होतं. आहे ते जसंच्या तसं लिहून काढायचं, आणि प्लॅन विचारला की टूलने म्हणायला हवं, काहीच बदल नाही. तसं म्हणेपर्यंत माझं लिखाण चुकलेलं. त्यासाठी अण्णांनी सांगायला हवं होतं, आणि अण्णा सांगायचे नाहीत. म्हणजे नकार द्यायचे नाहीत. "विचार की, सांगतो," म्हणायचे. मी विचारायची, "बाहेरच्यांना सर्व्हरमध्ये यायचा हा दरवाजा उघडा का ठेवलाय?" ते म्हणायचे, "त्या वेळी एक गिऱ्हाईक होतं." मी विचारायची, "कोणतं?" ते म्हणायचे, "स्वल्प थांब, आठवून सांगतो," आणि चहाला जायचे. तीन आठवड्यांत माझ्या फाइलमध्ये धड चार सर्व्हर नव्हते. एकदा मी चिडून म्हटलंसुद्धा, "काय ओ अण्णा, रजा तुम्हाला पाहिजे का मला?"

मला रात्रभर वाईट वाटत राहिलं, पण शब्द मागे घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

त्यांचं कुलूप उघडलं ते लाडवांमुळे. बाळंतपणाची तयारी म्हणून त्यांनी एका रविवारी डिंकाचे लाडू करून पाहिले आणि सोमवारी स्टीलच्या डब्यातून ऑफिसात आणले. लाडू दिसायला झकास होते. मी चावा घेतला, आणि दातातून कळ गेली. दुसऱ्याने फोडायला म्हणून टेबलावर आपटला, तर टेबलावर खूण उमटली. खालचा फोरमन जेवायला वर आला होता. त्याने लाडू हातात फिरवून बघितला आणि गंभीरपणे कन्नडमध्ये विचारलं, "लेथवर लावून बघू का?"

सगळे हसले, अण्णाही हसले. पण नंतर डबा बंद करताना त्यांचा हात रेंगाळला. "ती करायची तेव्हा मी स्वयंपाकघरात जायचो ते लाडू पळवायला," ते म्हणाले. "पाक किती, डिंक किती, कधी विचारलं नाही. तिनं पण मोजलं नाही. सगळं अंदाजानं. आता गेली, तर लाडू पण गेले की. एक कागद लिहून ठेवला असता, तर मी लेकीला आईच्या हातचं म्हणून काहीतरी घातलं असतं."

मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी आले. "हं. विचार अक्का. काय काय विचारायचं ते सगळं विचार."

त्यानंतरचे दिवस मला अजून फार आवडतात. रोज जेवणानंतर तासभर आम्ही शेजारी बसायचो. ते सांगायचे, मी लिहायची. प्रत्येक सर्व्हरमागे एक गोष्ट निघायची. एक सर्व्हर त्यांनी रेल्वेच्या डब्यात बसून उभा केला होता, गाडी तुमकूरला थांबली तेव्हा सिग्नल मिळाला म्हणून. एकाचं नाव त्यांनी लेकीच्या पाळण्यातल्या नावावरून ठेवलं होतं आणि मॅडमना सांगितलं होतं, की ते कंपनीचं लघुरूप आहे. मी ओळी लिहिल्या की ते वाचायचे, आणि चुकलं असेल तर जिभेने "च्च" करायचे. हळूहळू प्लॅनमधली अधिक-वजाची चिन्हं कमी व्हायला लागली.

यादीत सगळ्यात वरचा सर्व्हर मात्र आम्ही शेवटी ठेवला होता. अगदी चिमुकला, सगळ्यात जुना. नाव श्री.

"हा काय करतो?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग आहे कशाला?"

"कागदावर काही लिहायच्या आधी वर काय लिहितेस?" त्यांनी विचारलं. आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, त्यांनी तो उभा केला होता. खाली लेथना झेंडू आणि कुंकू लावत होते, नारळ फुटत होते, आणि वर अण्णांनी कंपनीचा पहिला सर्व्हर म्हणून एक रिकामा श्री मांडला होता. त्यानंतर खरे सर्व्हर. दर आयुधपूजेला ते स्क्रीनवर श्रीचं पान उघडून लॅपटॉपच्या कडेला कुंकवाचं बोट लावायचे. ते मी पाहिलं होतं, पण ते लॅपटॉपला असेल असं मला वाटलं होतं.

मला हसू आलं. "अण्णा, हे काय देवघर आहे का? कोडमध्ये प्रत्येक गोष्टीला काही काम लागतं. काम नाही त्याला मी जागा देणार नाही."

"सरी, तुझं खरं," अण्णा म्हणाले आणि हसले. त्यांचं ते हसणं होकाराचं होतं असं मी सोयीने धरलं.

पुढच्या शनिवारी ते हुबळीला गेले. सोमवारी सकाळी लेकीचं सीमंत होतं, म्हणजे आपलं डोहाळजेवण. पहिल्यांदाच त्यांनी लॅपटॉप ऑफिसात ठेवला. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की सोमवार ही परीक्षा समज. एक दिवस त्यांच्याशिवाय निघतो का बघू.

शनिवारी दुपारी माझं लिखाण पूर्ण झालं. फक्त श्री बाहेर राहिला होता. फाइल इतकी नेटकी झाली होती, आणि तो बाहेरचा चिमुकला तुकडा माझ्या डोळ्यांत खुपत होता. मी क्लाउडचं पान उघडलं, श्रीवर गेले, आणि बटण दाबून तो काढून टाकला. हाताने. महिनाभर मी अण्णांना ऐकवत होते, की हाताने काही करायचं नाही, आधी लिहायचं, प्लॅन बघायचा, मग हो म्हणायचं. आणि मी स्वतः प्लॅन न बघता, कुणाला न विचारता, एका बटणाने काम उरकलं. माझ्या आयुष्यात मी बरेच आगाऊपणा केलेत, पण याच्या वरताण एकही नाही.

सोमवारी साडेआठला फोन सुरू झाले. कोणत्याच वर्कशॉपला कामाची यादी गेली नव्हती. फोरमन जिना चढून वर आला, आणि आमच्याकडे काही उत्तर नाही असं दिसल्यावर खाली जाऊन त्याने आठवेल तशी कामं खडूने फरशीवर लिहायला घेतली. मी सगळे सर्व्हर एकेक करून बघितले. सगळे ठणठणीत. यादी बनवणारा सर्व्हरही ठीक होता, नुसता गप्प बसला होता.

मॅडम मागे येऊन उभी राहिली. "बघितलंस?" ती म्हणाली. "अण्णांनी असा गुंता करून ठेवलाय, की ते एक दिवस बाहेर गेले तरी चालत नाही. तीन महिने कशी सोडू मी त्यांना? फोन लाव. दुपारची गाडी पकडून या म्हणावं."

हुबळीला तेव्हा लेकीची ओटी भरत असणार. आईच्या जागी अण्णा उभे असणार. मी फोन हातात घेतला, आणि यादीच्या सर्व्हरची नोंदवही स्क्रीनवर उघडीच होती तिच्यावर नजर गेली. रोज सकाळी सातच्या ठोक्याला कोणीतरी त्याला हाक मारत होतं, आणि मग तो यादी पाठवायचा. शनिवारची हाक शेवटची; रविवारी वर्कशॉप बंद, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हाक कुठून येते तो पत्ता मला ओळखीचा वाटला. माझ्या वहीत तो सगळ्यात वर लिहिलेला होता. श्री.

मी गप्प बसले असते, तर दोष अण्णांच्या गुंत्यावरच गेला असता. मॅडमने तो आधीच दिला होता. मी फोन टेबलावर ठेवला. "गुंता त्यांचा नाही," मी म्हटलं. "मी एक सर्व्हर काढून टाकला. शनिवारी. हाताने. त्यांना न विचारता. त्यांना बोलावू नका, मी करते."

माझ्या तोंडून चूक कबूल झालेली मॅडमने पहिल्यांदाच ऐकली असावी. "बारापर्यंत," ती म्हणाली आणि केबिनमध्ये गेली.

मी फाइल उघडली. शिकताना लिहिलेल्या त्या नऊ ओळी काढल्या, खाली सकाळी सातला हाक मारण्याच्या ओळी जोडल्या. घाईत दोनदा चुकलं. या वेळी मी प्लॅन तीनदा वाचला. नाव विचारलं तिथे मी श्री लिहिलं. दुसरं काही लिहायची माझी छाती नव्हती. बाराला दहा मिनिटं कमी असताना याद्या सुटल्या, आणि खालून फोरमनचा आवाज आला, की आली, आली, आता माझी फरशी कोण पुसणार?

अण्णा मंगळवारी आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. मी पेढा हातात धरूनच त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "श्री काही करत नव्हता की."

"करत होता अण्णा. सकाळची हाक तोच मारायचा." मी नोंदवही मागे-मागे नेऊन दाखवली. सगळ्यात पहिली हाक तीन वर्षांपूर्वीची होती. तारीख बघून अण्णांनी चष्मा काढला.

"त्या दिवशी तिचं ऑपरेशन होतं," ते म्हणाले. "बाकड्यावर बसून मी केलं असणार. दिवसाचं पहिलं काम श्रीच्या हातून सुटू दे, असं मनात आलं असेल." मग चष्मा पुसत, "त्या दिवसांत मी काय काय केलं, मला काही आठवत नाही अक्का. खरंच आठवत नाही."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मी त्यांची माफी मागितली, अगदी शब्द उच्चारून. त्यांनी माझ्या हातातला पेढा माझ्याच तोंडाकडे ढकलला. "खा. पुसलं तर पुसलं. परत केलंस ना? आता वर लिहून ठेव, का आहे ते."

कोडमध्ये माणसांना वाचायला म्हणून टीप लिहिता येते, टूल ती वाचत नाही. श्रीच्या ओळींवर मी त्यांच्या तोंडचं वाक्य मराठीत लिहिलं. दिवसाचं पहिलं काम इथून सुटतं, विचारल्याशिवाय काढू नये. "का ते राहिलं," अण्णा म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी स्वतः कीबोर्ड ओढून एका बोटाने पुढे लिहिलं: त्या दिवशी बायकोचं ऑपरेशन होतं.

लेकीला आठवा लागायच्या आधीच्या आठवड्यात मॅडमने शेवटची परीक्षा घेतली. सगळ्या कारभाराची एक रिकामी प्रतिकृती नव्या जागी, फक्त फाइलमधून उभी करायची, आणि अण्णांनी हात लावायचा नाही. अण्णा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, कारण ते आपोआप कीबोर्डकडे जात होते. मी हो म्हटलं, आणि एकामागून एक सर्व्हर उभे राहिले. आधी श्री, मग बाकीचे. खालची जेवणाची वेळ व्हायच्या आत सगळं उभं होतं. मॅडमने तिथल्या तिथे रजेच्या कागदावर सही केली.

अण्णा अजून तसेच बसले होते. "म्हणजे आता मी नसलो तरी चालतं," ते म्हणाले.

यावर बोलण्यासारखं पुष्कळ असतं, ते मला नंतर घरी जाताना बसमध्ये सुचलं. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "इथे चालतं अण्णा. जयनगरला चालणार नाही. जावा आता."

त्या तीन महिन्यांत मी त्यांना एकदाही फोन केला नाही. दोनदा गाडी अडली, दोन्ही वेळा त्यांनीच सांगितलेल्या आणि मी लिहिलेल्या ओळी वाचून सुटली. लेकीला मुलगी झाल्याचा निरोप आला, आणि दोन आठवड्यांनी मी बाळंतविडा घेऊन जयनगरला गेले.

दारातच ओव्याच्या धुरीचा वास आला. अण्णा कमरेला पंचा गुंडाळून स्वयंपाकघरात होते. ओट्याच्या वरच्या फरशांवर कागद चिकटवलेले होते, त्यांच्या वळणदार अक्षरात, प्रत्येकाच्या माथ्यावर श्री. शेपेचं पाणी किती वाजता, अळीव किती भिजवायचे, मालिशवाली बाई कधी येते, तेल किती कोमट. प्रत्येक ओळीसमोर का ते लिहिलेलं. लाडवांच्या कागदावर तर खाडाखोडच खाडाखोड. हुबळीच्या मेहुणीला फोनवर विचारून लिहिलेलं, मग खोडलेलं, मग पाक कमी केलेला, मग डिंक आधी तळून घेतलेला.

"मला तर आत येऊच देत नाहीत," लेक आतल्या खोलीतून बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली. "मी म्हटलं, बाबा, गूळ जरा वाढवा. तर म्हणाले, आधी कागदावर वाढवतो, मग कढईत."

अण्णांनी मला एक लाडू दिला. मी जरा भीतभीतच चावला, आणि तो तोंडात विरघळला. मी फोरमनची आठवण काढली तेव्हा अण्णा खुदकन हसले. मग लेकीकडे बघून म्हणाले, "हिला विचार, आईसारखा झालाय का ते. मला सांगत नाही."

लेकीने एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळत राहिली. अण्णा हातातला झारा तसाच धरून उभे होते.

"आईचा नाही बाबा," ती म्हणाली. "पण तसाच आहे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. दोघांनाही ती नऊ ओळींची दुपार आठवली असणार. त्यांनी झारा ठेवला, पंच्याला हात पुसले, खिशातून पेन काढून लाडवांच्या कागदावर तळाशी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मग बाळ रडायला लागलं म्हणून आत गेले. मी वाकून वाचलं. लेकीला आवडले, असं लिहिलं होतं. आता यात बदल करू नये.